हे काढलं तर काय बिघडतं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, ते सर आम्हाला गणित शिकवायचे. कुणी फळ्यावर सिद्धता लिहून पूर्ण केली की सर खुर्चीतून उठायचे, डस्टर हातात घ्यायचे आणि मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, “ही काढली तर काय बिघडतं?” काहीच बिघडत नसेल तर ओळ पुसली जायची. बिघडत असेल तर नेमकं काय, ते सगळ्या वर्गासमोर सांगावं लागायचं. ओळ पुसली की फळ्यावर जागा व्हायची. ओळ का पुसता येत नाही हे सांगावं लागलं की सिद्धता कळायची.

संयोजकांनी ‘विषय तुमच्या आवडीचा घ्या’ असं सांगितलं, तेव्हा मला झुरिकचे एक प्राध्यापक आठवले. सरांचा हा प्रश्न त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं प्रोग्रॅमिंगच्या भाषांना विचारला. त्यांचं नाव निक्लाउस विर्त. स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर गावी १५ फेब्रुवारी १९३४ ला त्यांचा जन्म झाला आणि १ जानेवारी २०२४ ला, नव्वदीला दीड महिना राहिला असताना, ते गेले. आज मी त्यांच्या पास्कल या भाषेबद्दल आणि तिच्या मागच्या-पुढच्या गोतावळ्याबद्दल बोलणार आहे.

आधी नावाची गंमत. जर्मनमध्ये त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘विर्त’. अमेरिकेत लोक ‘वर्थ’ म्हणायचे आणि ‘निक्लाउस’चं ‘निकल्स’ करून टाकायचे. निकल म्हणजे तिकडचं पाच सेंटचं नाणं, तेव्हा ‘निकल्स वर्थ’ म्हणजे पाच सेंट किमतीचा माणूस! यावरची एक कोटी डच संगणकशास्त्रज्ञ आद्रियान फान वाइनगार्डन यांच्या नावावर सांगितली जाते: या गृहस्थांना युरोपात नावानं हाक मारतात आणि अमेरिकेत किमतीनं. प्रोसिजरला माहिती ‘नावानं’ द्यायची की ‘किमतीनं’, हा त्या काळच्या भाषांमधला खराखुरा वादाचा मुद्दा होता, म्हणून जाणकार या कोटीवर जरा जास्तच हसायचे.

आता प्रोसिजर म्हणजे काय? सभागृहात माझ्या धंद्यातली मंडळी थोडी आणि स्वयंपाकघर माहीत असलेली जास्त, म्हणून तिकडूनच सांगतो. पाककृतीच्या पुस्तकात आमटी असो, पोहे असोत की कोशिंबीर, ‘फोडणी करून घ्या’ एवढंच लिहिलेलं असतं. तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, हिंग-हळद घाला, हे दर पानावर कुणी लिहीत नाही. फोडणी ही एक नाव दिलेली कृती. एकदा नीट सांगायची आणि मग नुसत्या नावानं बोलवायची. मोहरी की जिरं, तेल किती, एवढं बोलावताना सांगायचं. अशा नाव दिलेल्या कृतींतून मोठं काम उभं करणाऱ्या भाषांना प्रोसिजरल भाषा म्हणतात. पास्कल ही त्यातली, सी ही त्यातली, आणि त्यांची आजी अल्गोल हीसुद्धा.

अल्गोलची पहिली बैठक १९५८ साली झुरिकमध्येच झाली. पुढे जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा जण बसले आणि अल्गोल ६० तयार झाली. तोपर्यंत भाषा म्हणजे एखाद्या कंपनीचा कंपायलर जे चालवून घेईल ते. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम. अल्गोलनं पायंडा पाडला तो असा की आधी भाषेचं व्याकरण कागदावर काटेकोर मांडायचं आणि कंपायलरनं त्या कागदाप्रमाणे वागायचं. ही नियम मांडायची पद्धत जॉन बॅकस यांची. अल्गोलच्या अहवालाचे संपादक पीटर नाउर यांनी ती वापरात आणली. १९६७ साली पीटर इंगरमन नावाच्या अभ्यासकानं एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र पाठवून सुचवलं की या पद्धतीला पाणिनीचं नाव द्यावं, कारण असं काम तो फार पूर्वी करून गेला आहे.

घाबरू नका. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे, असं सांगणारा तो फॉरवर्ड मी वाचून दाखवणार नाही. पण पाणिनीच्या परंपरेतला एक संकेत मला इथे हवा आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, अशा अर्थाचं एक वचन नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथाच्या शेवटी येतं. नागेशभट्ट हे काळे घराण्यातले, काशीत राहिलेले मराठी पंडित. त्यांचा हा ग्रंथ इंग्रजीत नेला तो फ्रान्झ कीलहॉर्न यांनी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत असताना. कमीत कमी शब्दांत सगळं बसवण्याच्या या गुणाला लाघव म्हणतात. लाघव म्हणजे चिंगूसपणा नव्हे. नियम कमी केले आणि भाषेतलं एक जरी रूप निसटलं, तर वाटलेले पेढे परत मागवावे लागतात. विर्त यांच्या कामाला मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही.

अल्गोल ६० च्या पुढची भाषा ठरवायला एक आंतरराष्ट्रीय समिती बसली. विर्त तेव्हा तिशीत होते. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर झालेले, १९६३ साली बर्कलीहून डॉक्टरेट घेतलेले आणि स्टॅनफर्डला शिकवणारे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांच्याबरोबर त्यांनी एक बेताचा प्रस्ताव मांडला: जुनी भाषा बरी आहे, तिच्यातल्या उणिवा भरू, दोन-चार नव्या गोष्टी घेऊ आणि थांबू. समितीतल्या दुसऱ्या पक्षाला याहून फार भव्य काही हवं होतं आणि त्या पक्षाचे म्होरके होते मघाच्या कोटीचे धनी, फान वाइनगार्डन. बहुमत भव्यतेकडे गेलं. विर्त आणि होर यांचा प्रस्ताव १९६६ साली लेख म्हणून छापून आला आणि अल्गोल डब्ल्यू या नावानं स्टॅनफर्डला चालूही लागला. समितीची अल्गोल ६८ ही भाषा डिसेंबर १९६८ मध्ये मंजूर झाली, ती संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा आणि होर यांच्यासह काही सदस्यांचं लेखी विरोधी मत जोडूनच. विर्त तोवर समितीतून बाहेर पडले होते.

पण अल्गोल डब्ल्यूचं फार कौतुक करण्याआधी तिच्यातलं एक कुसळ दाखवतो. एका माहितीनं दुसऱ्या माहितीकडे बोट दाखवायचं, अशी सोय होर यांनी तिच्यात आणली. मग प्रश्न आला, बोट कुणाकडेच दाखवायचं नसेल तर? त्यासाठी त्यांनी ‘नल’ नावाची एक खास किंमत ठेवली. तीच पास्कलमध्ये ‘निल’ झाली आणि नंतरच्या कितीतरी भाषांमध्ये शिरली. तुमच्या मोबाइलवरचं एखादं ॲप बोलता बोलता मिटतं, तेव्हा पुष्कळदा आत कुणीतरी त्या ‘कुणाकडेच नाही’च्या बोटामागे गेलेलं असतं. २००९ साली होर यांनी जाहीरपणे सांगितलं की ही आपली अब्ज डॉलरची चूक. आणि ती का केली? तर बसवायला इतकी सोपी होती की मोह आवरला नाही. मित्रहो, भाषेत एखादी गोष्ट का आली याचं ‘सोपी होती म्हणून’ इतकं प्रामाणिक उत्तर क्वचित मिळतं. सरांचा प्रश्न विचारायचं तेव्हा राहून गेलं होतं.

विर्त मायदेशी परतले आणि १९६८ पासून ईटीएचमध्ये शिकवू लागले. विद्यार्थ्यांना पहिली भाषा कोणती शिकवायची? फोर्ट्रान सर्वत्र होती, पण तिच्यात विचार नीट मांडता येईना, आणि अल्गोलला नीटसा कंपायलर मिळेना. म्हणून त्यांनी स्वतःची भाषा आखली आणि तिला ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाचं नाव दिलं. कर-अधिकारी असलेल्या वडिलांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून सतराव्या शतकात ज्यानं बेरजेचं यंत्र बनवलं, तोच हा.

या भाषेत नवं काय होतं, ते एका उदाहरणात दाखवतो. समजा महिन्याचा आकडा ठेवायचा आहे. फोर्ट्रानमध्ये तुम्ही म्हणायचात, हा एक पूर्णांक. मग त्यात १३ जाऊ शकतो, उणे चारही जाऊ शकतो, आणि भाषा चकार शब्द काढत नाही. पास्कलमध्ये तुम्ही म्हणता, ‘महिना : १..१२’. मध्ये दोन टिंबं, बस. आता प्रोग्रॅम चालताना कुठूनही १३ आला की, तपासणी चालू ठेवलेली असेल तर, काम जागच्या जागी थांबतं. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना येतो. पास्कलनं तो दारातच अडवला. माहितीचा आकार आणि तिची मर्यादा प्रोग्रॅमरनं आधी बोलून दाखवावी आणि राखण यंत्रानं करावी, ही पास्कलची खरी देणगी. १९७६ च्या विर्त यांच्या प्रसिद्ध पुस्तकाचं नावच मुळी एक बेरीज आहे: कृती अधिक माहितीची रचना बरोबर प्रोग्रॅम.

आता कंपायलरची गोष्ट. पहिला प्रयत्न फोर्ट्रानमध्ये लिहून झाला आणि फसला. पास्कलला लागणाऱ्या रचना फोर्ट्रानमध्ये मावेनात. मग विर्त यांनी ठरवलं की पास्कलचा कंपायलर पास्कलमध्येच लिहायचा. पण तो चालवणार कोण? दही लावायला विरजण लागतं आणि विरजण म्हणजे दहीच. विरजण नसेल तेव्हा आपल्या आज्या दुधात मिरचीची देठं टाकायच्या. इथे मिरचीचं देठ झाला एक सहकारी. त्याला दोन आठवडे घरी बसवलं आणि त्यानं तो अख्खा कंपायलर हातानं एका खालच्या पातळीवरच्या भाषेत उतरवून आणला. १९७० च्या मध्याला दही लागलं. त्यानंतर पास्कलचा प्रत्येक नवा कंपायलर आधीच्याच कंपायलरनं विरजला.

इथून विर्त यांना एक तराजू मिळाला आणि तो त्यांनी जन्मभर वापरला. कंपायलर स्वतःलाच भाषांतरित करतो, म्हणून भाषेत किंवा कंपायलरमध्ये एखादी सुधारणा घातली की बघायचं: आता कंपायलरला स्वतःचं भाषांतर करायला वेळ कमी लागतो की जास्त? सुधारणेनं वाढवलेलं ओझं सुधारणेनंच फेडलं पाहिजे. फेडत नसेल तर ती बाहेर. त्यांचे विद्यार्थी मायकेल फ्रान्झ यांनी याची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. नंतरच्या ओबेरॉन भाषेच्या कंपायलरमध्ये प्रोग्रॅममधली नावं शोधण्यासाठी एक देखणी झाडासारखी रचना होती. पाठ्यपुस्तकात शोभावी अशी. विर्त यांनी एक दिवस ती काढली आणि तिथे साधी ओळीनं लावलेली यादी ठेवली. एका प्रोसिजरमध्ये नावं असतात मूठभर, आणि मूठभर वस्तूंसाठी कपाट कशाला? कंपायलर लहान झाला आणि वेगही वाढला.

पास्कलचा कंपायलर तुमचा मजकूर वरून खाली एकदाच वाचतो, मागे वळून बघत नाही. म्हणून जे वापरायचं ते आधी जाहीर करायचं. लग्नपत्रिकेत कसं, आधी कुलदैवत, मग घराणी, मग वधूवर, शेवटी स्थळ आणि वेळ, तसा पास्कलमध्ये क्रम ठरलेला: आधी स्थिर किमती, मग प्रकार, मग व्हेरिएबल, मग प्रोसिजर, आणि मुख्य प्रोग्रॅम अगदी शेवटी. म्हणून आम्ही दुसऱ्याचा प्रोग्रॅम शेवटच्या पानापासून वाचायचो.

माझी आणि पास्कलची गाठ पडली १९९३ साली, कॉलेजच्या लॅबमध्ये. आठवड्यातून दोन तास, एका यंत्रापुढे तिघं. निळा पडदा, पिवळी अक्षरं. प्रोग्रॅम टाइप करायचा, कंपाइल करायचं, आणि वरच्या बाजूला लाल पट्टी उमटायची: एरर ८५, सेमिकोलन अपेक्षित. कर्सर ज्या ओळीवर थांबायचा, तिथे सगळं बरोबर असायचं. आम्ही ती ओळ तीन-तीनदा वाचायचो, भांडायचो, आणि मग कुणालातरी दिसायचं की सेमिकोलन वरच्या ओळीत राहिलाय. मग कंपायलर खाली का बोट दाखवतो? कारण तो पुढे पुढेच वाचत जातो. आधीची ओळ संपली की नाही, हे त्याला पुढचा शब्द हाती लागल्यावरच कळतं.

यावर आमचा उपाय म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळे मिटून सेमिकोलन. तर आता ‘एल्स’पाशी अडलं. एरर ११३. का, ते मला फार नंतर कळलं आणि कळलं तेव्हा विर्त यांचं डोकं थोडं उमगलं. सी भाषेतला सेमिकोलन म्हणजे पूर्णविराम, वाक्य संपलं की द्यायचा. पास्कलमधला सेमिकोलन म्हणजे ‘आणि मग’. दोन कामांच्या मध्ये येणारा. ‘पाऊस आला तर छत्री घे, नाहीतर टोपी घाल’ या वाक्यात ‘नाहीतर’च्या आधी ‘आणि मग’ घालून बघा. ‘छत्री घे आणि मग नाहीतर...’ मराठीतही हे अडखळतं. पास्कल बरोबर होती. पण तर्काला बरोबर असलेला हा नियम लाखो नवशिक्यांच्या बोटांना चुकीचा वाटला, हेही खरं. विर्त यांनी पुढच्या मॉड्युला-२ भाषेत तो वाद मुळातूनच मिटवला. प्रत्येक ‘इफ’ स्वतःच्या ‘एन्ड’नं बंद व्हायचा आणि मधले ‘बिगिन’ गेले. एक शब्द काढला आणि चुकांची एक जातच बंद झाली.

झुरिकहून ही भाषा जगभर कशी गेली? विर्त यांच्या गटानं १९७० च्या दशकात एक युक्ती केली. खऱ्या यंत्राच्या आज्ञा देण्याऐवजी कंपायलर एका काल्पनिक, साध्या यंत्राच्या आज्ञा देऊ लागला. तुमच्याकडे कुठलाही संगणक असो, त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा लिहा, की पास्कल चालू. हाच धागा कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला केनेथ बोल्स यांनी उचलला आणि पास्कल घरगुती संगणकांवर आली. नोव्हेंबर १९८३ मध्ये टर्बो पास्कल बाजारात उतरलं: किंमत ४९.९५ डॉलर. बाकीचे कंपायलर तेव्हा शेकडो डॉलरला जायचे. लिहिणारा होता आंदर्स हायल्सबर्ग नावाचा डॅनिश तरुण. लिहिण्याची जागा आणि कंपायलर, सगळं मिळून चाळीस किलोबाइटच्या आत. आज तुमच्या मोबाइलवर सकाळी येणाऱ्या फुलांच्या एका ‘सुप्रभात’मध्ये अशी दोन-चार टर्बो पास्कल आरामात मावतील. एका फेरीत काम संपवणाऱ्या भाषेमुळेच हे शक्य झालं होतं.

इथपर्यंत ही लाघवाची आरती झाली. आता दुसरी बाजू, कारण सरांचा प्रश्न होता ‘काय बिघडतं’, आणि कधीकधी खरंच बिघडतं.

१९८१ साली बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या ब्रायन कर्निघन यांनी एक निबंध लिहिला. पास्कल आपली आवडती भाषा का नाही, हे त्यात मुद्देसूद सांगितलं. त्यातला मुख्य मुद्दा असा. पास्कलमध्ये यादीची लांबी हा तिच्या प्रकाराचाच भाग होता. दहा नावं क्रमानं लावणारी प्रोसिजर लिहिली तर ती वीस नावं घेत नाही; वीसची यादी म्हणजे वेगळीच जात. दहा पानांच्या पंगतीला वाढणारा वाढपी अकरावं पान मांडलं की हात आखडून उभा राहिला, तर चालेल का? मजकूर साठवायची धड सोय नव्हती, प्रोग्रॅमचे तुकडे वेगवेगळे कंपाइल करता येत नव्हते. वर्गात यानं काही अडत नव्हतं. पण कारखान्यात अडायचं.

मग ज्यानं त्यानं आपापली पास्कल वाढवली. एकानं मजकुरासाठी एक सोय जोडली, दुसऱ्यानं दुसरी, आणि एकीकडे लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे चालेना. १९८३ साली आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यात यादीच्या लांबीवर तोडगाही होता, पण बाजार तोवर आपापल्या बोलींत पांगला होता. मूळ भाषेत न ठेवलेली वस्तू नाहीशी होत नाही; ती दहा ठिकाणी दहा प्रकारांनी परत येते. हा लाघवाचा खरा धोका, आणि माझ्या मते पास्कल तिथे चुकली.

पास्कलची जागा घेतली सी भाषेनं. ती डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्येच, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी घडवली. तीही लहान भाषा, पण तिनं वेगळंच काढून टाकलं. विर्त यांनी सोयी कमी केल्या आणि राखण ठेवली. रिची यांनी राखण कमी केली आणि मोकळीक ठेवली. यादीची हद्द सी तपासत नाही. प्रोग्रॅमरला माहीत असेलच, असं धरून चालते. नोव्हेंबर १९८८ मध्ये या गृहीताची किंमत कळली. मॉरिस वर्म नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, आणि त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक होती अशीच न तपासलेली हद्द: ठरलेल्या जागेत मावणार नाही एवढा मजकूर आत ढकलायचा आणि सांडलेल्या भागातून यंत्राचा ताबा घ्यायचा. सी आजही जगाचा गाडा ओढते आहे आणि अशा भेगा आजही बुजवल्या जात आहेत. म्हणून ‘लहान भाषा चांगली’ एवढं म्हणून भागत नाही. काय काढलं, हे विचारावं लागतं.

विर्त टीका वाचून गप्प बसणाऱ्यांतले नव्हते, पण त्यांचं उत्तर भाषणात नसायचं, पुढच्या भाषेत असायचं. १९७६ साली ते वर्षभर कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात होते. तिथे त्यांनी आल्टो बघितला, टेबलापाशी एकट्यासाठी असलेला, माउसचा संगणक. तो युरोपात विकत मिळेना, म्हणून परतल्यावर त्यांनी ईटीएचमध्ये स्वतःचाच बनवला, लिलिथ. त्याचं सगळं सॉफ्टवेअर मॉड्युला-२ मध्ये लिहिलं. या भाषेत पास्कलच्या उणिवा भरल्या होत्या: प्रोग्रॅमचे वेगळे तुकडे, म्हणजे मॉड्यूल, आणि प्रत्येकाची बाहेर दाखवायची बाजू व आतली बाजू वेगळी. यादीची लांबीही प्रोसिजरला आता मोकळी होती. वाढपी अकराव्या पानाला वाढू लागला.

आणि ‘गोटू’ गेला. ‘इथून उठून थेट तिकडे उडी मार’ अशी ही आज्ञा. १९६८ साली डायक्स्ट्रा यांचं तिच्याविरुद्धचं पत्र गाजलं. ‘गोटू घातक’ अशा अर्थाचं त्याचं जगप्रसिद्ध शीर्षक डायक्स्ट्रा यांनी दिलेलंच नव्हतं. त्यांचं शीर्षक मवाळ होतं. ते बदललं संपादकांनी, आणि ते संपादक होते विर्त. मौज अशी की हेच संपादक दोन वर्षांनी पास्कल घेऊन आले, तेव्हा तिच्यात गोटू होता. मथळा द्यायला एक दिवस पुरतो. तोच नियम स्वतःच्या भाषेला लावायला त्यांना आणखी एक भाषा लागली.

१९८४ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यानंतर युर्ग गुटक्नेख्त यांच्याबरोबर त्यांनी संगणकाची अख्खी व्यवस्था आणि तिची भाषा नव्यानं आखायला घेतली. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ युरेनसजवळून गेलं. त्या यानाच्या अचूकपणावर खूश होऊन त्यांनी युरेनसच्या एका चंद्राचं नाव उचललं, ओबेरॉन. साधारणपणे भाषेची नवी आवृत्ती येते ती ‘काय वाढलं’ची यादी घेऊन. इथे ‘काय काढलं’ची यादी होती. पास्कलमधले, किमती एकेक नावानं मोजून सांगायचे प्रकार काढले, ती ‘१..१२’ची मर्यादाही काढली, ‘फॉर’ लूपसुद्धा काढला. वाढवली ती मुख्यतः एकच गोष्ट: आधीच्या प्रकारावर नवा प्रकार बांधायची सोय. भाषेचा सगळा अहवाल अवघा सोळा पानांचा.

मर्यादा काढलेली मला आजही रुचत नाही. माझा तेरावा महिना पुन्हा मोकळा झाला. ‘फॉर’चं तर त्यांच्याच लोकांना पटलं नाही, ओबेरॉन-२ मध्ये तो परत आला. डस्टर फिरवण्याची सवय लागली की हात एखाद्या कामाच्या ओळीवरूनही फिरतो. हे मी टीका म्हणून सांगतोय आणि कौतुक म्हणूनही, कारण पुसलेली ओळ परत लिहिता येते, पण लाखो प्रोग्रॅमांनी वापरलेली ओळ पुसता येत नाही. ‘नल’ला विचारा.

ओबेरॉन वापरणारे थोडे राहिले. पण माणसं इकडून तिकडे गेली. टर्बो पास्कलचे हायल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या भाषांचे कर्ते झाले. आधी नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग प्रकार, अशी ओळ आज टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्या मुलामुलींना ठाऊक नसेल, पण हे वळण पास्कलचं आहे. ईटीएचमध्येच डॉक्टरेट केलेले रॉबर्ट ग्रीझमर हे गूगलच्या ‘गो’ भाषेच्या तीन कर्त्यांपैकी एक. गो २००९ मध्ये जाहीर झाली. तिचे लूप बघा: विर्त यांनी बाकीचे ठेवून ‘फॉर’ काढला होता, गोनं ‘फॉर’ ठेवून बाकीचे काढले. उत्तर उलटं आहे, पण प्रश्न तोच विचारलेला दिसतो.

शेवटची हकिगत. १९९५ साली विर्त यांनी सडसडीत सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा लेख लिहिला. यंत्रं जितक्या वेगानं वेगवान होतात त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंदावतं, हे त्यातलं सूत्र आज विर्त यांचा नियम म्हणून ओळखलं जातं. त्यांनी स्वतः त्याचं श्रेय सहकारी मार्टिन रायझर यांना दिलं होतं. १९९९ ला ते निवृत्त झाले. पुढे ओबेरॉनचं पुस्तक नव्यानं काढायची वेळ आली, तेव्हा जुना प्रोसेसर बाजारात मिळेनासा झालेला. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या या माणसानं मग हवा तसा जोडता येणाऱ्या चिपवर स्वतःचा छोटा प्रोसेसर आखला, त्यासाठी कंपायलर लिहिला आणि २०१३ साली यंत्रापासून पडद्यापर्यंतची सगळी व्यवस्था पुन्हा उभी करून दाखवली. एका माणसानं वाचून पूर्ण समजून घ्यावी एवढी. आज माझ्या टेबलावरच्या संगणकात काय चाललंय हे पूर्णपणे समजलेला एकही माणूस जगात सापडणार नाही. आपण हे सोडून दिलं, आणि त्यानं काय बिघडलं ते अजून मोजतोय.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं, ते मला दिसलं. माझ्या हातात अजून चार पानं आहेत. काल रात्री ती पुन्हा वाचताना पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटत होतं आणि डस्टरचा आवाज येत होता. ही काढली तर काय बिघडतं? मी प्रामाणिकपणे शोधलं. काही सापडलं नाही.